कॉलेजात तसा नेम आहे

तुमचं नाव काही मी लिहिणार नाही. हाताला सवयच नाही त्याची. तुम्ही होतात तेव्हा कधी घेतलं नाही, आता घेतलं तर तुम्हीच दचकून बघाल, ही कोण बाई मला हाका मारतेय म्हणून. मी आपली 'अहो' म्हणते. एवढ्यावरून ओळखलंत की झालं.

तुमचं तेरावं झालं. लोक आले, रडले, जेवले, तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. गेलेल्या माणसाबद्दल जसं बोलायचं असतं तसं बोलले, म्हणून मला त्यातलं काही आतपर्यंत पोचलं नाही. कुणी म्हणालं, कळमनुरीचा शिकलेला माणूस गेला. कुणी म्हणालं, निजामी गेली, धामधूम निवली, आता कुठं बरे दिवस आले होते आणि मुदतीच्या तापानं डाव साधला. सगळं खरंच असेल. मी माजघरात भिंतीला टेकून बसले होते आणि मला एकसारखं आठवत होतं ते सूप.

हे सांगू कुणाला? सांगितलं तर म्हणतील, बाईचं डोकं फिरलं, नवरा गेलाय आणि हिला सूप सुचतंय. म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्हाला तरी ते ठाऊक आहे.

मी पुसेगावहून लग्न होऊन आले तेव्हा या घराची रीत मला पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी समजावून सांगितली. आत्याबाई म्हणजे तुमच्या आई, पण त्यांना सासूबाई म्हणायचं धाडस मला कधी झालं नाही. रीत अशी की दिवसाउजेडी नवरा-बायकोनं वडीलधाऱ्यांसमोर बोलायचं नाही. सुनेनं ओसरीवर यायचं नाही. आणि मामंजी सुनेशी थेट बोलणार नाहीत. आता एका घरात राहून सासऱ्याला सुनेशी काही काम पडणारच नाही असं थोडंच आहे? पण मामंजींनी त्यावर तोड काढली होती. मला काही सांगायचं असलं की ते अंगणात बांधलेल्या बैलाला सांगत. "ढवळ्या, आज वसमतचे पाव्हणे येऊन राहिलेत, चार भाकरी जास्तीच्या लागतील." ढवळ्या मान हलवायचा आणि मी आत परातीत पीठ घ्यायचे. मला वाटतं त्या बैलाला आमच्या घरातलं सगळं ठाऊक होतं.

तुम्ही नागपूरला बीकॉमला गेलात. हिंगोलीपासून मोटार, मग वाशिम, अकोला, पुढं रेल्वे, असा लांबचा पल्ला. सुट्टी दिवाळीत आणि उन्हाळ्यात. म्हणजे नवरा असून नसल्यासारखा, आणि आला तरी दिवसभर आपण एकमेकांचे कोणीच नाही. पहिल्या दिवाळीला तुम्ही आलात आणि मामंजींबरोबर जेवायला बसलात. मी चुलीपाशी होते. तुम्ही अगदी गंभीर आवाज काढून म्हणालात, "बाबा, कालिजात तसा नेम हाय. शिकवलेलं रोज दुपारी कुणाला तरी मोठ्यानं सांगायचं. समोर ऐकणारं माणूस पाहिजे, न्हाई तर डोक्यात राहत न्हाई."

मामंजींनी विचारलं, मग कुणाला सांगणार? तुम्ही हिशेब मांडल्यासारखं सगळ्यांना बाजूला सारलंत. आईला सवड नाही, गडी शेतावर, तुम्हाला बाबा कशाला त्रास. मग जरा थांबून म्हणालात की घरात एक माणूस आहे, वाशिमला मामाकडे राहून मराठी चौथी झालेलं. माझी तव्यावरची भाकरी करपली. मामंजी पानावरून उठले, हात धुवायला अंगणात गेले आणि तिथून त्यांचा आवाज आला, "ढवळ्या, दुपारी ओसरीवर कुणी अभ्यास केला तर करावा. कालिजाचा नेम मोडू नये."

अहो, त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता. एवढं धडधडीत खोटं, तेही जेवणाच्या पानावर. आणि तितकीच मनात उकळ्या फुटत होत्या.

मग आपली दुपार ठरली. तुम्ही एका खांबाला टेकून, मी पलीकडच्या खांबापाशी, अर्धी पाठ तुमच्याकडे आणि तोंड अंगणाकडे. मधे ज्वारीचं सूप. रिकाम्या हातांनी बसले तर अभ्यास दिसणार नाही, नुसत्या गप्पा दिसतील, म्हणून मी ज्वारी निवडायला घ्यायचे. तीच ज्वारी, तेच सूप, सारी दुपार. आत्याबाई आतून म्हणायच्या, "औंदाच्या जवारीत लई खडे निघून राहिलेत गं." तुम्ही पुस्तकात तोंड घालून हसायचात. पाठीमागे भिंतीपलीकडे बैठकीत मामंजी आडवे झालेले असायचे. त्यांचं घोरणं ऐकू आलं की आपण आवाज थोडा चढवायचो, थांबलं की उतरवायचो.

तुमचे विषय पुष्कळ होते. जमाखर्च होता, बँका होत्या, व्यापाराचा कायदा होता. ते सगळं तुम्ही मनातल्या मनात वाचायचात. मला सांगायला एकच विषय राखून ठेवला होता, कारखाना कसा चालवावा आणि त्यात माणसं कशी वागवावीत. मी म्हणाले, मला कशाला कारखाना? तुम्ही म्हणालात, माणसं तर आहेत ना घरात. पुस्तक इंग्रजी, पण तुम्ही ते आपल्या बोलण्यात असं उतरवायचात की मला वाटायचं तो लिहिणारा साहेब कळमनुरीच्या बाजारात कुठंतरी धोतर नेसून बसलेला असणार. खुरपणीच्या बायांमध्ये एकीनंच सारखं पुढं काहून जावं, दोन भावांना एकाच गड्यावर हुकूम चालवू दिला तर गडी कुणाचं ऐकणार, कामाचा कंटाळा येतो तो कामाचा असतो की शेजारी बसलेल्या माणसाचा. एवढं सोपं बोलणं शिकायला नागपूरला जावं लागतं याचं मला नवलच वाटायचं. तसं म्हणाले की तुम्ही चिडायचात.

एकदा तुम्ही म्हणालात, समज, तू मालक आणि मी मजूर, मला कामावर ठेव. मी पदर सावरून मालक झाले. दारू पितोस का, विचारलं. नाही म्हणालात. बायकोला मारतोस का? नाही. मग तुम्हीच मला विचारायला लागलात, काम किती वेळ, पाणी कोण देणार, आजारी पडलो तर काय. मी तुम्हाला जागच्या जागी काढून टाकलं. काहून म्हणून विचारलंत, तर म्हणाले, लई इचारतो. तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की भिंतीपलीकडे मामंजी खाकरले आणि आपण दोघं गारठून बसलो.

आपलं खरं भांडण त्या उन्हाळ्यात लागलं, आणि ते अजून मिटलेलं नाही. तुम्ही शिकवत होतात की कुठल्याही माणसाबद्दल काही ठरवायचं असलं, त्याला काम द्यायचं, काढायचं, इथून तिथं हलवायचं, तर आधी त्या माणसाला विचारावं. तुला काय जमतं, काय नको वाटतं, तुझं काय म्हणणं आहे. मला कुठून तरी संतापच आला.

"कोण इचारतं?" मी म्हणाले. "तुमच्या पुस्तकात इचारत असतील. आमच्या गावात न्हाई इचारत. मला इचारलं होतं का कुणी, कळमनुरीला जाती का म्हणून?"

 पुस्तक मिटलंत आणि उठून गेलात. मला वाटलं, झालं, आता ही ओसरी गेली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही त्याच खांबाला येऊन टेकलात आणि पुस्तक न उघडताच म्हणालात, "कुणी इचारलं न्हाई ते खरं. मग मी इचारतो. इथं आलीस ते बरं झालं का? तुझं काय म्हणणं हाय?" दिवसाउजेडी, भर ओसरीवर. मी म्हणाले, मला ज्वारी निवडायची आहे, मला सवड नाही. आणि संध्याकाळची सावली अंगणात येईपर्यंत जागची हलले नाही. तुम्हाला त्यातून काय कळायचं ते कळलं असेल.

तेव्हापासून तुमची खोडच झाली. प्रत्येक धड्याच्या शेवटी, प्रत्येक भांडणाच्या शेवटी, तुझं काय म्हणणं हाय? पुढं पुढं भाजीत मीठ जास्त झालं तरी तेच.

त्याच विषयात तुम्ही नापास झालात! बाकी सगळे विषय पार पडले आणि माणसांचा विषय राहिला. मामंजींनी ढवळ्याला इतकं झापलं की मला बैलाची दया आली. पेपरात विचारलं होतं की ऐकत नसलेल्या कामगाराला कसं वळणावर आणावं. दंड, ताकीद, बढती रोखणं असलं काहीबाही लिहायचं होतं. तुम्ही लिहून आलात, त्याला आधी विचारावं. मी म्हणाले, पुस्तकातलं लिहायचं सोडून आपलं डोकं काहून चालवलं? तुम्ही म्हणालात, ते मला पटलं नव्हतं. पण खरं सांगू का, मला कायम एक संशय राहिला. नापास झालात म्हणून अभ्यासाला आणखी एक वर्ष मिळालं, म्हणजे ओसरीलाही एक वर्ष मिळालं. तुम्ही मुद्दाम तर नाही ना केलंत? विचारेन विचारेन म्हणताना राहून गेलं. आता वाटतं, बरंच झालं. मुद्दाम केलंत असंच मी धरून चालणार आहे.

दुसऱ्या खेपेला पास झालात आणि हिंगोलीच्या एका जिनात तुम्हाला जागा मिळाली. लोक म्यानेजर म्हणायला लागले. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. त्यात कापूस घालायच्या यंत्राला रेचा म्हणतात, तो कसा धडधडतो, बायांच्या केसांवर कसा कापसाचा बारीक पिंजर बसतो, हे मला तुमच्याकडूनच ठाऊक. तुम्ही तिथं खोली घेऊन राहायचात आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायचात. पहिल्या आठवड्याला आलात ते तोंड पाडून. बीकॉम संपलं होतं, पण ओसरीची दुपार काही मामंजींनी बंद केली नव्हती. तिथं बसून तुम्ही सगळं सांगितलंत.

पहिल्याच दिवशी तुम्ही जिनाच्या दारात खुर्ची टाकून बसलात. एकेका बाईला, एकेका गड्याला समोर बोलावलंत. नाव काय, गाव कुठलं, कुठलं काम जमतं, तुझं काय म्हणणं हाय. बिचारे उभे राहून खाली बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला आणि निम्मी माणसं आलीच नाहीत. मुकादमानं तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, निजामीत खुर्चीवर बसलेला माणूस नाव-गाव इचाराया लागला की समजायचं, आपलं काईतरी जाणार. बाया म्हणल्या, ह्यो आपल्याला काढून राहिला."

अहो, मी हसले. इतकी हसले की सूप कलंडलं आणि ज्वारी ओसरीभर झाली. तुम्ही आधी रागानं बघत राहिलात, मग तुम्हालाही हसू आवरेना, आणि दोघं मिळून ज्वारी गोळा करायला लागलो. चारी हात एका जागी, दिवसा. आत्याबाई दारात येऊन बघून गेल्या. मला ती ज्वारी आजही दिसते.

पण तुम्ही हेका सोडणारे नव्हेच. पुढच्या आठवड्यात आलात तर चेहरा उजळलेला. तुम्ही भाकरीच्या सुट्टीत खुर्ची आतच ठेवून लिंबाखाली बायांजवळ जमिनीवर जाऊन बसलात आणि म्हणालात, आज मी काही विचारणार नाही, तुमी मला इचारा, काय बी.  मग एका म्हातारीनं विचारलं, साहेब, बायको हाय का? हाय. नांदती का? नांदती. मारता का? न्हाई, पण भांडतो. कशावरून? तुम्ही सगळं भांडण त्या बायांना सांगितलंत! मेला संकोच म्हणून नाही. आणि त्यानंतर त्या बोलायला लागल्या. एक डावखुरी होती, ती रेच्याच्या उलट्या बाजूला उभी राहून हात अवघडून घेत होती. तिला बाजू बदलून दिलीत. दोन सवती शेजारी-शेजारी काम करत होत्या, त्यांना लांब केलंत. तुमचा आनंद असा की जणू जिनच तुमच्या मालकीचा झाला. मी म्हणाले, लिंबाखाली इचारणं येगळं. जिनाबाहेर कोण इचारतं? तुम्ही म्हणालात, कधीतरी इचारतील. मी म्हणाले, बघू.

मग रझाकारांची धामधूम सुरू झाली, जिन बंद पडला आणि आपण सगळे निजामाच्या सीमेपलीकडे वाशिमला माझ्या मामाकडे जाऊन राहिलो. एका घरात केवढी माणसं. तिथं ना ओसरी, ना रीत. कुणीही कुणाशी कधीही बोलावं. आपण दोघं दिवसभर मोकळे बोलू शकत होतो आणि आपल्याला बोलायला सुचत नव्हतं, आठवतं? तुम्ही एकदा हळूच म्हणालात, सूप नाही म्हणून होतंय असं. त्या भीतीच्या दिवसांतही मला हसू आलं. मामंजींची काळजी वेगळीच, ते ढवळ्याला बरोबर आणू शकले नव्हते. तिथं त्यांनी माझ्याशी काही म्हणजे काही बोलणं केलं नाही, कारण बोलायला बैलच नव्हता.

आपण परत आलो. ढवळ्या शेजाऱ्यांनी सांभाळला होता. हिंगोलीहून तुम्हाला निरोप आला की हंगाम सुरू होतोय, या. कपड्यांची ट्रंक भरून ठेवली आणि तुम्हाला ताप आला. मुदतीचा ताप, मुदत भरली की उतरेल, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते. तुमचे ओठ सुकायचे, मी कापसाच्या बोळ्यानं पाणी लावायचे. एका दुपारी तुम्ही चांगले शुद्धीवर होतात. माझ्याकडे बघून म्हणालात, "मी न्हाई राहिलो तर तू कुठं राहशील? समदे आपापलं ठरवतील. तुझं काय म्हणणं हाय?"

मी तुमच्यावर ओरडले. असलं अभद्र बोलू नका म्हणाले. माझं म्हणणं तुम्ही आधी बरे व्हा, मग भांडू. तुम्ही थोडंसं हसलात आणि डोळे मिटलेत. पुढं तुम्हाला नीट शुद्ध आलीच नाही. तो प्रश्न तसाच राहिला.

आणि तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. तेराव्याला पुसेगावहून माझा दादा छकडा घेऊन आला. वाईट हेतूनं नाही हो, बिचाऱ्याचे डोळे सुजले होते. इथं आता कुणासाठी राहायचं, पोटी लेकरू नाही, वहिनी वाट पाहून राहिली, असं तो म्हणत होता. तुमचे चुलते म्हणाले, देऊन टाकलेली लेक परत काहून पाठवायची, लोक काय म्हणतील, पडून राहील माजघरात. बैठकीत सगळ्यांनी आपापलं सांगितलं. मी माजघरात बसून ऐकत होते. भरलेलं पोतं या कोपऱ्यात ठेवावं की त्या, असं चाललं होतं. मला दादाच्या घरी प्रेम मिळालं असतं, नाही म्हणत नाही. पण तिथंही कोपरा आणि इथंही कोपरा. ओसरी दोन्हीकडे नाही. विधवा बाईला दिवसा ओसरीवर बसू देणारं घर मी तरी पाहिलेलं नाही. माझा जीव त्या ओसरीत अडकला होता आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. तुमच्याशी मी संसार केला तो तिथं केला. तीच गेली तर मला तुम्ही कुठं सापडणार?

मामंजी तेवढा वेळ काही बोलले नव्हते. मग त्यांचा आवाज आला नाही, नुसती पावलं आली. ते बैठकीतून उठून ओसरीवर आले होते. आत्याबाई आत येऊन म्हणाल्या, "तुला बोलावून राहिलेत." मी उठले आणि दाराआड उभी राहिले. समोर अंगणात ढवळ्या होता. मला वाटलं, आता माझं जे काय ठरलंय ते या बैलाला सांगतील आणि मी ऐकायचं.

मामंजींनी ढवळ्याकडे पाठ केली.

"सूनबाई," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "समदे बोलले. तुझं काय म्हणणं हाय?"

अहो, तुमचेच शब्द, तुमच्यासारख्याच घोगऱ्या आवाजात.  आणि मनात पहिलं काय आलं असेल? आता मला काढणार. त्या क्षणी मला तुमच्या जिनातल्या त्या न आलेल्या बाया कळल्या, ज्यांना मी पोट धरून हसले होते. ज्याला कुणी कधी विचारलेलं नसतं त्याला विचारलं की भीतीच वाटते.  मग मला लिंबाखालची म्हातारी आठवली, आणि मी पदराचं टोक घट्ट धरून म्हणाले, "मामंजी, आधी मीच एक इचारू का?"

"इचार."

"मी राहिले, तर ओसरीवर बसू द्याल का? दिवसा?"

 दादा दारात येऊन उभा राहिला. मामंजी खांबापाशी सरकले. मला वाटलं, झालं, जास्तच मागितलं.

"कालिजात तसा कायबी नेम नव्हता," ते म्हणाले. "मला पहिल्याच दिवाळीला कळलं होतं. हिंगोलीच्या एका वकिलाला इचारलं, तर तो हसाया लागला. तरी बी बसू दिलं. भिंतीपल्याड पडून समदं ऐकलं मी. घोरत बी नव्हतो. त्यो शिकला, तू शिकली, तसा मी बी शिकलो. मग आता काहून उठवू तुला?"

आणि ते तिथंच खांबाला धरून रडले. तुम्ही टेकायचात त्याच खांबाला. तुम्ही गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मी दाराबाहेर आले आणि ओसरीवर उभी राहून मीही रडले. तुमचे चुलते उठून चप्पल शोधायला लागले.

दादा दुसऱ्या दिवशी रिकामा छकडा घेऊन गेला. जाताना म्हणाला, संक्रांतीला न्यायला येतो आणि परत आणून घालतो. माझं म्हणणं विचारूनच, असंही म्हणाला. एवढ्यात शिकला तो.

काल दुपारी मी सूप घेऊन माझ्या खांबापाशी बसले. हात चालत होते, डोळ्यांना ज्वारी दिसत नव्हती. भिंतीपलीकडे मामंजी येऊन आडवे झाले आणि नेहमीसारखे खाकरले. तुमचं पुस्तक इंग्रजी, ते मला वाचता येत नाही. पण तुम्ही सांगितलेलं मला पाठ आहे. मी दोन भाऊ आणि एक गडी हा धडा मोठ्यानं सांगायला लागले, अडखळत. मधेच आत्याबाई येऊन सुपाच्या पलीकडे बसल्या आणि ज्वारी निवडायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, खडे कुठं हायेत गं यात?

हरले मी, अहो. कधीतरी इचारतील म्हणाला होतात, आणि विचारलं. तुम्ही असतात तर केवढे मिरवले असतात. आठवडाभर मला जेवू दिलं नसतंत धड. तुमचं ते जिंकल्यावरचं तोंड बघायला मिळालं असतं तर मी रोज हरायला तयार होते. त्या ओसरीसाठी, त्या धडधडीत खोट्या नेमासाठी, मला माणसात धरल्याबद्दल, तुमचे उपकार मानायचे तर कसे मानू? उपकार म्हटलं तर तुम्ही चिडाल.

आणि तापात विचारलं होतंत ना, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. राहते मी इथंच. दुपारी ओसरीवर असते. हे झालं मामंजींना सांगायचं. तुम्हाला सांगायचं ते वेगळं आहे आणि ते त्याच दिवशी तोंडावर आलं होतं, पण ओरडण्यात राहून गेलं.

तुम्ही जायला नको होतं. माझं म्हणणं एवढंच आहे.